नकाशा माझा, रॅम्प वाघमोड्यांचा

सोपानराव वाघमोडे यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते आमच्या कार्यालयाच्या जिन्यावरून एक टेबल धरून पाठमोरे उतरत होते. वरच्या बाजूने शिपायाने टेबल धरले होते आणि तो सारखा "साहेब, सावकाश" म्हणत होता. मी जिन्याच्या पायथ्याशी उभा होतो. त्यांनी मला ओळखले नाही आणि मीही त्यांना ओळखले नाही. बदली होऊन नवीन अभियंता येणार एवढे मला ठाऊक होते. तो टेबल वाहत येईल असे वाटले नव्हते.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"आपलं दुकान खाली आणतोय," ते म्हणाले. "गिऱ्हाईक वर येऊ शकत नाय, मंग आपणच खाली गेलेलं बरं."

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. दिव्यांग हक्क कायदा झाला आणि हॉटेल, दुकान, मंगल कार्यालय, कारखाना, जिथे लोक येतात किंवा काम करतात अशा जागी चाकाच्या खुर्चीवरून किंवा कुबड्या घेऊन येणाऱ्या माणसालाही आत जाता आले पाहिजे असे ठरले. पण चार बाकड्यांचे हॉटेल चालवणाऱ्याने रुंद दार, रॅम्प आणि वेगळे स्वच्छतागृह कुठून करावे? म्हणून लहान व्यावसायिकांच्या खर्चाचा मोठा वाटा शासनाने उचलायचा असे ठरले. आमच्या जिल्ह्यात ते काम पाहणारा कक्ष म्हणजे आमचे कार्यालय. ते पहिल्या मजल्यावर होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

त्याच दिवशी दुपारी, टेबल जिन्याखाली नीट बसल्यावर, सोपानरावांनी माझ्या घरची चौकशी केली. मी सांगितले की घरी पत्नी आहे आणि एक मुलगी, रेणुका. लहानपणी मणक्याचा आजार झाला, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर आहे.

"मंग तिनं तुमचं ऑफिस पाहिलं असंल," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

ते उठले, टेबल भिंतीपासून थोडे आणखी पुढे ओढले आणि दोन्ही बाजूंनी खुर्ची फिरेल एवढी जागा केली. मग शांतपणे डबा उघडून जेवायला बसले.

त्या दुपारपासून मला सोपानरावांचा हेवा वाटतो. त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या ग्रंथात मी हे लिहितो आहे याची मला जाणीव आहे. संपादक मंडळाने मला "मनापासून लिहा" असे कळवले आहे. मनात आहे ते असे आहे.

माझी बाजूही वाचकांनी समजून घ्यावी. या कक्षात काम करायला कुणी राजी नसे. मी मात्र ही नेमणूक स्वतः मागून घेतली होती. माझ्या घरात चाकाची खुर्ची होती. कोणत्या उंबऱ्याला ती अडते, कोणत्या दारात हाताची बोटे खरचटतात, कोणत्या लग्नाला जायचे टाळावे लागते, हे मला पुस्तकात वाचावे लागत नव्हते. हा विषय माझा आहे, अशी माझी समजूत होती. सोपानराव आले ते निव्वळ बदलीने. त्यांच्या घरी सगळे हिंडते-फिरते. पाचोडजवळच्या एका मेंढपाळ घरातला त्यांचा जन्म. वडील मेंढरे घेऊन वर्षातले कित्येक महिने बाहेर, मुलगा वसतिगृहात राहून स्थापत्य अभियंता झालेला. मी वैजापूर तालुक्यातल्या जमीनदार घरातला. पद एकच, नोकरीत मी थोडा ज्येष्ठ, आणि माझा नकाशा त्यांच्या नकाशापेक्षा कितीतरी देखणा. हे शेवटचे तेही मान्य करतात.

कामाची वाटणी झाली. शहर आणि औद्योगिक वसाहती माझ्याकडे आल्या, तालुके त्यांच्याकडे गेले. चांगला वाटा मला मिळाला असे सगळ्यांना वाटले आणि मलाही वाटले. शहर तेव्हा चहूबाजूंनी फुगत होते. जालना रस्त्यावर नव्या इमारती, बीड बायपासला रोज एक नवे मंगल कार्यालय. मी पद्धतशीर माणूस. आधी कायद्याचे कलम, मग नोटीस, मग अर्थसाहाय्याची माहिती, मग तपासणी. सोपानराव तालुक्याला जात आणि हॉटेलात शिरून चहा मागवत. मालक समोर बसला की विचारत, "तुमच्या घरात म्हातारं माणूस कोण हाय? त्याला हितं आणलं तर कुठून आत घ्याल?" नोटीस कधी काढलीच तर चहा संपल्यावर.

आणि मग दुष्काळ पडला.

पहिल्या वर्षी लोकांनी सोसले. दुसऱ्या वर्षी शहरातही नळाची वाट कितीतरी दिवस पाहावी लागू लागली. गावे टँकरवर गेली, आणि बांधकामाला पाणी वापरायचे नाही असा आदेश आला. सिमेंटवर पाणी मारल्याशिवाय ते घट्ट होत नाही. शहरातले माझे अर्धवट रॅम्प उन्हात तडकू लागले. काहींच्या कडा हाताने चुरडल्या तरी गळून पडत. दुकानदार ते तुकडे मला आणून दाखवत. मी मान खाली घालून पाहत असे. पुढच्या पावसापर्यंत थांबण्याखेरीज मला काही सुचत नव्हते.

त्याच दिवसांत फर्दापूरला एका हॉटेलमालकाने सोपानरावांना सुनावले. अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांवर त्याचे हॉटेल चालत असे.

"साहेब, प्यायच्या टँकरची वाट बघतो आम्ही. तुमच्या सिमेंटला कुठून पाजू?"

"मंग सिमेंट नाय घालायचं," सोपानराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हातात चुरगळलेला कागद होता. लोखंडी चौकट, वर खडबडीत खवल्यांची पत्र्याची प्लेट, तुकड्यांत बनवायची, टेम्पोतून न्यायची, जागेवर बोल्ट मारून जोडायची. थेंबभर पाणी लागणार नाही. हवी तेव्हा उचलून दुसरीकडे नेता येईल.

"हे जरा तुमच्या हातानं काढून द्या," ते म्हणाले. "माझी रेघ वाकडी येते."

मी काढून दिले. उतार, कठडे, चाक बाजूला घसरू नये म्हणून कडेची पट्टी, जोड, सगळे. तो माझ्या आयुष्यातला सर्वात चांगला नकाशा आहे असे मी आजही म्हणेन. चिकलठाण्याच्या फॅब्रिकेटरने तो पाहून मला नमस्कार केला होता. आज जिल्ह्यात कुठेही जा, त्या लोखंडी रॅम्पला लोक "वाघमोडे रॅम्प" म्हणतात. सोपानराव दर वेळी थांबवून सांगतात, "नकाशा ह्या औताडेसाहेबांचा हाय." लोक माझ्याकडे बघून मान डोलावतात आणि पुन्हा वाघमोडे रॅम्पच म्हणतात.

फर्दापूरला तो पहिला रॅम्प बसला तेव्हा मीही गेलो होतो. मालकाने गाड्या लावायला जागा उरावी म्हणून माझा उतार परस्पर आखूड, म्हणजे जास्त उभा, करून घेतला होता. मी संतापलो. सोपानराव रस्त्यापलीकडे गेले आणि लक्ष्मणरावांना घेऊन आले. लक्ष्मणराव हाताने चालवायच्या तीनचाकीवर बसून पर्यटकांना रंगीत दगड विकत. ते वर्षानुवर्षे हॉटेलच्या दारापर्यंत येऊन चहा घेत, पण आत कधी गेलेले नव्हते. त्यांनी तीनचाकी रॅम्पला लावली, ती अर्ध्यावर गेली आणि मागे घसरली. आम्ही दोघांनी धरली.

"चढंल की," लक्ष्मणराव म्हणाले. "पण मी नाय. आमच्या पाहुण्याचं बोकड चढंल."

सगळ्यात मोठ्याने हसले ते सोपानराव. मालकही हसला. हसता हसताच त्याने रॅम्पचा एक तुकडा वाढवायला होकार दिला. मी कलम दाखवणार होतो. ते खिशातच राहिले.

याहून मोठी अडचण पैशाच्या वाटेची होती. काम आधी करा, अनुदान मागाहून मिळेल, असा नियम होता. सरकारकडून मागाहून मिळणाऱ्या पैशावर लहान दुकानदार, तोही दुष्काळात, विश्वास ठेवायला तयार नव्हता. पहिला हप्ता आगाऊ द्यावा म्हणून मी वरिष्ठांना टिपणीमागून टिपणी पाठवत होतो. भाषा निर्दोष, दाखले अचूक. उत्तर येत नव्हते. सोपानरावांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेणी पाहायच्या निमित्ताने फर्दापूरला नेले आणि त्याच हॉटेलात बसवले. रॅम्प आता पुरेसा लांब झाला होता. लक्ष्मणराव स्वतःच्या हाताने तीनचाकी चालवत आत आले, एका टेबलाशी थांबले आणि त्यांनी मोठ्या आवाजात ऑर्डर दिली, "सगळ्यांना चहा. पैसे माझ्याकडून." अधिकारी नको म्हणू लागले.

"नाय कसं?" लक्ष्मणराव म्हणाले. "इतकी वर्षं दारात बसून ह्यांचा चहा पेलो. आज पहिल्यांदा आत आलोय. माझ्या घरी आल्यासारखं समजा."

अधिकाऱ्यांनी तो चहा संपवला. थोड्याच दिवसांत आगाऊ हप्त्याचा आदेश निघाला. माझ्या टिपण्यांचा त्यात उल्लेख होता, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. पण तो आदेश चहाने काढला, टिपणीने नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक होते.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. आढावा बैठकीत शहराचा निधी पडून असल्याचे दिसले आणि तो दुसऱ्या कामाकडे वळवायची भाषा सुरू झाली. सोपानरावांनी उठून सांगितले की लोखंडी रॅम्प शहरातही बसतील, निधी परत घेऊ नका. निधी वाचला. त्याबरोबर शहराची जबाबदारीही त्यांच्याकडे गेली आणि मी नकाशांपुरता उरलो. बैठकीतून बाहेर आल्यावर ते माझ्यासाठी जिन्यात थांबले होते.

"तुमच्याकडून काढून घ्यायचं माझ्या मनात नव्हतं साहेब."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

ते खरेच होते, आणि त्यामुळे माझी फारच पंचाईत झाली. एखाद्याने कपट केले तर माणूस त्याचा राग तरी करू शकतो. सोपानरावांनी मला तीही सोय ठेवली नाही. पत्नीपाशी तक्रार करावी, तर ती त्यांच्यासाठी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून देत असे.

रेणुकाचे तर काय सांगावे! सोपानरावांपाठोपाठ माझेही टेबल जिन्याखाली आल्यावर ती कार्यालयात येऊ लागली. माझ्या टेबलाशी पाच मिनिटे बसे आणि मग खुर्ची फिरवून सोपानरावांकडे जाई. तिने यंत्रांच्या रेखाटनाचा डिप्लोमा केला होता. माझ्याशी ती "हो बाबा", "नको बाबा" एवढेच बोले. त्यांच्याशी वाद घाले. दार आत उघडावे की बाहेर, कठड्याची उंची कुणाच्या हाताने ठरवावी, यावर दोघांची हमरीतुमरी चाले. मी माझ्या कागदावर डोके खाली घालून ते ऐकत असे. घरी ती असे कधी बोलत नव्हती. तिला इतके बोलता येते हे मला परक्या माणसाच्या टेबलावरून कळले.

तिच्यासाठी सरकारी नोकरी मिळवावी, शक्यतो माझ्याच इमारतीत, असा माझा प्रयत्न चालू होता. अशात एके दिवशी मी चिकलठाण्याला रफिकभाईंच्या वर्कशॉपमध्ये मोजमाप घ्यायला गेलो. रफिकभाई लहान यंत्रांचे साचे बनवतात. त्यांची रेखाटनाची खोली लोखंडी जिन्यावरून वर होती. ती खाली आणायची, दार रुंद करायचे, स्वच्छतागृह बदलायचे, असे काम निघाले होते.

"साब, कायदा तो पहले से मालूम था," रफिकभाई म्हणाले. "आपकी नोटीस भी मेरे पास है, संभालके रखी है. लेकिन वाघमोडेसाब बोले, पहले लडकी का काम देखो, बाद में दीवार देखो. काम देखा. अब दीवार तोडता मैं, सरकार आधा देती तो भी और नहीं देती तो भी."

"कोणती लडकी?" मी विचारले.

रफिकभाई माझ्याकडे पाहतच राहिले. "क्या बात करते साब? आपकी बच्ची. रेणुका."

मी तिथून तडक कार्यालयात आलो. सोपानराव जिन्याखाली कुणाला तरी योजना समजावत होते. तो माणूस जाईपर्यंत मी थांबलो. मग मात्र थांबलो नाही.

"माझ्या मुलीची नोकरी तुम्ही ठरवता, आणि मला एका शब्दाने विचारत नाही?"

"मी नाय ठरवली," ते म्हणाले. "तिनं मला विचारलं, कुठं काम मिळंल. मी म्हणलं, बाबांना सांगितलं का? ती नाय म्हणाली."

"का?"

 सांगावे की नाही असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"ती म्हणाली, बाबा नको म्हणणार नाहीत. बाबा मला रोज उचलून वर नेतील आणि उचलून खाली आणतील. मला तसं जायचं नाही."

मी खाली बसलो. तिला उचलण्यात मी कधी कंटाळा केला नव्हता. शाळेचा जिना, दवाखान्याचा जिना, देवळाच्या पायऱ्या, नातेवाइकांची घरे, सगळीकडे मी तिला उचलून नेले. माझी पाठ त्यात गेली आणि मला त्याचा अभिमान होता. बाप म्हणून माझ्यापाशी जे सर्वात चांगले होते, तेच तिला नको होते. आणि हे तिने सांगितले ते सोपानरावांना.

सोपानरावांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. समजूत घातली नाही. उपदेश तर नाहीच. थोड्या वेळाने म्हणाले, "रफिकभाईच्या दाराचा नकाशा काढायचाय. मी काढू का तुम्ही काढता?"

"मी काढतो," मी म्हणालो.

तिचा कामाचा पहिला दिवस. मी गाडीतून तिला नेले, खुर्ची उघडून दिली, आणि सवयीने खुर्चीला मागून हात लावला.

"बाबा, तुम्ही इथेच थांबा," ती म्हणाली.

मी गाडीपाशी थांबलो. ती रॅम्पकडे निघाली. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिच्या खांबाआड एक ओळखीची पाठ दिसली. मी तिथे गेलो.

"तुम्ही इथे काय करता?"

"चहा पेतोय," सोपानराव म्हणाले. त्यांच्या हातातला चहा गार होऊन त्यावर साय आली होती.

रेणुका रॅम्प चढली. वर दाराशी तिची खुर्ची तिरकी झाली आणि चाक चौकटीला अडकले. तिने मागे घेतली, पुन्हा लावली, पुन्हा अडकले. आतून कुणी आले नाही. माझा पाय उचलला गेला. सोपानरावांनी माझे मनगट धरले. मेंढपाळाच्या घरचा हात आहे, मला सोडवता आला नाही.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "दाराचा नकाशा तुमचाच हाय ना? मंग भरोसा ठेवा."

तिने खुर्ची पूर्ण सरळ केली, दोन्ही चाकांना एकदम जोर दिला आणि आत गेली. दार तिच्यामागे आपोआप लागले. तिने वळून पाहिले नाही. मी मात्र पुष्कळ वेळ त्या दाराकडे पाहत होतो, आणि शेजारी सोपानराव शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. माझे डोळे कोरडे होते. रडायचा हक्क माझा होता, तोही त्यांनी आधी बजावला.

त्यानंतर आम्ही दोघे निवृत्त झालो. पावसाची वर्षे आली, गेली, पुन्हा टंचाई आली. शहराचे नाव बदलले, हद्द वाढली. रफिकभाईंच्या वर्कशॉपचा विस्तार झाला आणि रेणुका आता तिथल्या रेखाटन विभागाची प्रमुख आहे. नव्या मंगल कार्यालयांना रॅम्प मुळातच असतो, त्यासाठी कुणाला चहा पाजावा लागत नाही. सोपानराव अजूनही लग्नाला गेले की आधी मांडवात शिरत नाहीत, बाजूने फिरून रॅम्पचा उतार पाहतात. मीही पाहतो. आमचे मत बहुधा जुळते. जुळले नाही तर त्यांचे बरोबर निघते.

रेणुकासारख्या मुलांच्या आईबापांच्या मनात एक प्रश्न असतो. तो ते सहसा बोलून दाखवत नाहीत. मागच्या महिन्यात मी एकदाचा तिला विचारला, "आमच्यामागे तुझे कसे होईल?"

"उचलायला मला कुणी नको बाबा," ती म्हणाली. "भांडायला मात्र कुणीतरी लागेल." आणि मग हसून म्हणाली, "सोपानकाका आहेत की."

सोपानरावांहून मी वयाने मोठा आहे आणि डॉक्टरांचा माझ्या प्रकृतीवर फारसा भरवसा नाही. म्हणून साठी पूर्ण करणाऱ्या माझ्या या सहकाऱ्याला मी मोजूनमापून शुभेच्छा देणार नाही. त्यांना निरोगी आयुष्य लाभो आणि ते माझ्याहून पुष्कळ लांब असो. मी नसेन त्या वर्षांतही रेणुका त्यांच्याशी कठड्याच्या उंचीवरून वाद घालत असो, त्यांच्या विनोदांना हसत असो. ती सगळी वर्षे त्यांना मिळतील, मला नाही. परमेश्वराने माझा एवढा एक हेवा खरा ठरवावा.